शेवंताक्काची गाय पिसाळली नव्हती

निवृत्त झाल्यापासून लोक मला एकच प्रश्न विचारतात. जनावराला बोलता येत नाही, मग त्याचं दुखणं तुम्हाला कळतं कसं? मी हसून काहीतरी सांगतो. खरं उत्तर असं आहे की कधीकधी कळत नाही, आणि कळलेलं नसतानाही आपण अगदी ठामपणे बोलतो. मी एकदा असा ठामपणे बोललो आणि एक तरणीताठी गाय माझ्या हाताने मेली. तिला झालेला आजार एक-दोन दिवसांच्या औषधाने आटोक्यात येणारा होता.

त्या आजाराचं नाव किटोसिस. शहरातल्या वाचकांनी ते ऐकलेलं नसेल, म्हणून आधी तेवढं सांगून टाकतो. गाय व्याली की पहिला महिना-दीड महिना दुधाचा लोंढा असतो. दुधातली साखर ती आपल्या रक्तातल्या साखरेतून तयार करते. पंचवीस लिटर दूध देणाऱ्या गाईची रोज किलोभराहून जास्त साखर अशी बादलीत जाते. पण नेमकी याच दिवसांत तिची भूक मंदावलेली असते. खाणं कमी आणि दूध जास्त, मग गाय अंगावरची चरबी वितळवायला लागते. थोडी वितळली तर काही बिघडत नाही. फार वितळली की यकृताला पेलवत नाही, आणि अर्धवट जळलेल्या त्या चरबीतून निघालेले पदार्थ रक्तात, लघवीत, दुधात, श्वासातसुद्धा उतरतात. गाय आधी पेंड सोडते आणि वैरण मात्र चघळत राहते. मग दूध घटतं, शेण कोरडं पडतं, आठवड्याभरात बरगड्या मोजता येतात. गंमत अशी की हा आजार वाळक्या गाईपेक्षा, विताना गुबगुबीत असलेल्या गाईला जास्त गाठतो. तोंडाला गोडसर वास येतो, पिकून उतरलेल्या फळासारखा. आणि थोड्या गाई अशा असतात की त्यांचं डोकंच फिरतं.

हे सगळं मी कॉलेजात शिकलो होतो. परीक्षेत या प्रश्नाला मला चांगले मार्क पडले होते.

नव्वदीच्या मध्यावरची गोष्ट. मी एका दूध संघाच्या फिरत्या दवाखान्यावर होतो. जीप, ड्रायव्हर, औषधांची पेटी आणि कुरुंदवाडच्या बाजूची पंधरा-सोळा गावं. मी मूळचा आजऱ्याकडचा. आमच्याकडे म्हशी आणि चिमुकल्या गावठी गाई. इकडे नदीकाठाला काळ्यापांढऱ्या संकरित गाई नुकत्या घरोघर येत होत्या, आणि त्यांचे आजार मला पुस्तकातूनच माहीत होते.

शेवंता कांबळे त्यांपैकी एका गावातली. वय पस्तिशीचं, उंच, बोलणं मोजकं. नवरा मारुती कबनूरला यंत्रमागावर कामाला, आठवड्यातले सहा दिवस तिकडेच. घरात ती आणि सात वर्षांची मुलगी सुजाता. गाय एकच, पण साऱ्या गल्लीत नावाजलेली. गाभणपणी शेवंताक्काने तिला इतकं खाऊ घातलं होतं की पाठीवर हात ठेवला तर हाड लागत नव्हतं. मीच तिला म्हणालो होतो, ‘अक्का, गाय कशी ठेवावी ते तुमच्याकडून शिकावं.’ हे वाक्य आठवलं की मला आजही घाम फुटतो.

गाय व्याली, कालवड झाली. शेवंताक्काने चीक गल्लीभर वाटला. शेजारचे आण्णा चौगुले, साठीचे शेतकरी, रोज सकाळी तिच्याकडे येऊन पेलाभर धारोष्ण दूध उभ्याने प्यायचे. त्याने हाडं बळकट होतात असं त्यांचं म्हणणं. दिवाळी नुकतीच होऊन गेली होती, ऊसतोड सुरू झाली होती, आणि गावातली सगळी जनावरं वाड्यावर होती. वाडं म्हणजे उसाचे तोडलेले शेंडे. फुकट मिळतं आणि पोट भरतं, पण दुभत्या गाईला त्यात ताकद फारशी नाही.

तीन आठवड्यांनी दुपारी निरोप आला. मी पोचलो तेव्हा गल्ली माणसांनी भरलेली होती आणि गोठ्याच्या दहा हात आत कुणी जात नव्हतं. गाय दावणीची साखळी कराकरा चावत होती. भिंत चाटत होती, स्वतःचा खांदा चाटून चाटून तिथलं कातडं लाल झालं होतं. तोंडातून लाळेच्या तारा. मधेच हंबरायची, मधेच कपाळ खांबाला टेकवून जोर लावायची, आणि माणूस हलला की अंगावर यायची.

‘महिन्यामागं हितंच पिसाळल्यालं कुत्रं मारलंय,’ गर्दीतून कुणीतरी म्हणालं.

तेवढं वाक्य मला पुरलं. पुढे मी जे पाहिलं ते सगळं त्या कुत्र्याच्या चष्म्यातून पाहिलं.

‘पेंड कधी सोडली?’ मी विचारलं होतं.

‘चार दिस झालं,’ शेवंताक्का म्हणाली. ‘वाडं खाती. आनि डॉक्टर, सकाळी असलंच केलं, मग मधी दोन-तीन तास गप हुती की. चांगली रवंथ केली. आता परत.’

पिसाळलेलं जनावर असं मधेच शहाणं होऊन रवंथ करत बसत नाही. बाई मला निदान हातात देत होती आणि मी मान डोलावत होतो. गोठ्यात गोड वासही येत होता. तो मला आला. घरामागे शंभर पावलांवर गुऱ्हाळ चालू होतं, काहिलीतली वाफ गल्लीत पसरत होती. वास गुळाचा, असं मी मनाशी म्हणालो आणि विषय संपवला.

मी सगळ्यांसमोर सांगितलं, ‘गाय पिसाळलेली आहे.’

शेवंताक्काने विचारलं, ‘दुसरं काय असंल का?’

‘नाही.’

‘औषिद?’

‘याला औषध नाही, अक्का. सोडली तर माणसं मारेल.’

तिने संमतीच्या कागदावर सही केली. चार गड्यांनी फास टाकून गाय खांबाला आवळली आणि मी शिरेत इंजेक्शन देऊन तिला कायमची झोपवली. गाय शांत पडली तेव्हा सुजाता दारात उभी होती. तिला आत न्यायचं कुणालाच सुचलं नव्हतं.

नंतर जे झालं ते मी थांबवू शकलो नाही. ज्यांच्या हाताला लाळ लागली असेल त्यांनी आणि कच्चं दूध प्यालेल्यांनी इंजेक्शनं घ्या, असं मी सांगितलं. म्हणजे शेवंताक्का, सुजाता, आण्णा आणि फास टाकणारे चार गडी. चीक वाफवलेला, दूध उकळलेलं, बाकीच्यांना भीती नाही, हेही सांगितलं. पण ऐकतंय कोण. दुसऱ्या दिवशी सरकारी दवाखान्यापुढे तेवीस माणसं रांगेत होती. त्या काळी ही इंजेक्शनं पोटात देत, रोज एक, चौदा दिवस. सुजाता तिसऱ्या दिवसानंतर दवाखान्याच्या वळणावरच आडवी पडायची, आणि शेवंताक्का तिला उचलून न्यायची. हे मला नर्सने सांगितलं.

मेंदूचा नमुना मी पुण्याला पाठवला होता, रीतीप्रमाणे. काही आठवड्यांनी ऑफिसात पाकीट आलं. रेबीजचा पुरावा आढळला नाही. मी कागद उलटून पाहिला, मागे काही लिहिलंय का म्हणून. नमुना खराब झाला असेल, असं दोन दिवस स्वतःला सांगितलं. तिसऱ्या दिवशी कोल्हापूरला माझ्या जुन्या सरांकडे गेलो. सर निवृत्त होते, अंगणात खुर्ची टाकून बसले होते. मी सगळी हकीकत सांगितली. त्यांनी सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाले,

‘व्याल्याला किती दिवस झाले होते?’

‘तीन आठवडे.’

‘विताना अंगाने कशी होती?’

‘चांगली भरलेली.’

‘आधी काय सोडलं, पेंड की वैरण?’

‘पेंड,’ मी म्हणालो, आणि म्हणतानाच मला कळलं.

‘लघवी तपासली होतीस?’ सरांनी विचारलं. आवाज चढला नव्हता. चढला असता तर बरं झालं असतं.

लघवी तपासायला एक पांढरी पूड लागते. चिमूटभर पुडीवर दोन थेंब टाकायचे, किटोसिस असला तर बघताबघता जांभळा रंग येतो. पाच मिनिटांचं काम. ती पूड माझ्या पेटीत नव्हती. गल्लीतल्या त्या दुपारी तिची आठवणही मला झाली नव्हती.

मी गप्प बसलो असतो तर कुणाला काही कळलं नसतं. तो रिपोर्ट माझ्याच फाइलला लागला होता. आठ दिवस मी तसा गप्प बसलोही. मग एका सकाळी शेवंताक्काच्या घरी गेलो. ती कालवडीला विकतचं दूध वाटीने पाजत होती. मी उभ्यानेच सांगितलं: गाय पिसाळलेली नव्हती, दुसराच आजार होता, बरा होणारा होता, तोंडाचा गोड वास मी गुऱ्हाळाचा समजलो, लघवी पुडीवर टाकली असती तर जांभळा रंग आला असता, मी चुकलो.

तिने वाटी खाली ठेवली. कालवडीच्या मानेवरून हात फिरवला.

‘बरी झाली असती?’

‘बहुतेक झाली असती.’

‘आनि पोरीची चौदा इंजिक्शनं?’

‘गरज नव्हती,’ मी म्हणालो. ती रडली नाही, ओरडली नाही. म्हणाली, ‘हे मला घरात येऊन कशाला सांगताय? गल्लीतली बायामाणसं माज्या दाराकडं बगून थुकत्यात. पिसाळल्याल्या गाईचं दूध पाजलं म्हंत्यात. डेरीत सांगा. उद्या सकाळी, सगळी आसत्यात तवा.’

दुसऱ्या दिवशी सकाळी दूध घालायला साठ-सत्तर माणसं डेअरीपुढे उभी होती. मी पायरीवर उभा राहून बोललो. चुकीला चूक म्हटलं, शेवंताक्काच्या दुधात काही दोष नव्हता हे दोनदा सांगितलं. शिव्या पडतील अशी तयारी होती. पडल्या नाहीत. आण्णा चौगुले पुढे आले, बंडी वर केली आणि बेंबीभोवतालचं काळंनिळं पोट मला दाखवलं. मग बंडी खाली करून आपली कॅन उचलून निघून गेले.

मागून शेवंताक्का डेअरीच्या सेक्रेटरीला म्हणाली, ‘आता घेशीला न्हवं माजं दूध?’

सेक्रेटरी भला माणूस. गोंधळून म्हणाला, ‘घेतो की अक्का. पर तुमच्याकडं गाय कुठं हाय आता?’

तो काही वाईट बोलला नव्हता. पण त्या पायरीवर मला जो धक्का बसला, तो सरांच्या अंगणातल्यापेक्षा मोठा होता. दोष निघून गेला होता, गाय परत येणार नव्हती.

ऑफिसने माझ्याकडून लेखी खुलासा घेतला. मी तो जसाच्या तसा दिला. त्या दिवसापासून पुडीची बाटली माझ्या पेटीत नाही, खिशात असायची. आणि आण्णांनी काय करावं? त्याच संध्याकाळपासून आपल्या म्हशीचं तांब्याभर दूध त्या कालवडीसाठी पाठवायला सुरुवात केली. माझ्याशी मात्र ते वर्षभर एक शब्द बोलले नाहीत.

कालवड मोठी झाली. आईसारखीच उंच, आईसारखीच दुधाची. दुसऱ्या वेताला, व्याल्यानंतर बाराव्या दिवशी, शेवंताक्का स्वतः एसटीने माझ्या ऑफिसात आली.

‘कालपास्नं पेंड हुंगती आनि सोडती. वाडं खाती. तोंडाला वास मारतोय. गुऱ्हाळ बंद हाय आता.’

मी तिच्याबरोबरच निघालो. गाईच्या शेपटीखाली हलक्या हाताने चोळत राहिलं की ती लघवी करते. वाटीत धरली, पुडीवर दोन थेंब टाकले. पांढरी पूड जांभळी झाली, इतकी गडद की मी वाटी खाली ठेवली. शेवंताक्का वाकून बघत होती.

‘ह्योच त्यो रंग?’

‘हाच.’

शिरेतून साखरेचं सलाइन लावलं, सोबत एक इंजेक्शन दिलं, आणि दिवसातून दोनदा तोंडाने पाजायला गोड, दाट औषध दिलं. गूळ का नाही, असं आमच्या भागात हटकून विचारतात. गूळ खाऊ घातला तर पोटातले जंतूच त्याच्यावर ताव मारतात, रक्तात साखर म्हणून फारसा पोचत नाही, उलट पोट बिघडतं. सलाइनची साखर थेट रक्तात जाते. पण तिचा जोर काही तासांचाच, म्हणून नंतर तोंडाने औषध चालू ठेवायचं.

बाटली संपली तेव्हा गाय मान खाली घालून उभी होती. तासाभराने तिने कान हलवले. संध्याकाळ व्हायच्या आत तिने मूठभर पेंड खाल्ली.

शेवंताक्का रिकाम्या बाटलीकडे बघत होती. ‘हिच्या आईला एवढंच पायजे हुतं?’

‘व्हय, अक्का.’ माझ्या तोंडून तिचीच बोली निघाली.

ती उठून घरात गेली. मी सामान आवरून निघालो तरी बाहेर आली नाही.

त्यानंतर मात्र तिने तो आजार पुरता समजून घेतला. गाय आटवल्यावर, म्हणजे विण्याआधी तिचं दूध बंद केल्यावर, तिला फार लठ्ठ होऊ द्यायचं नाही. विण्याआधी तीन आठवडे पेंड थोडी थोडी वाढवत न्यायची, म्हणजे पोटाला सवय होते. व्याल्यावर नुसतं वाडं घालायचं नाही, मक्याची हिरवी वैरण मिळवायची. मी हे सभांमधून सांगायचो तेव्हा लोक जांभया द्यायचे. शेवंताक्का पाण्याच्या नळावर सांगायची आणि बायका ऐकायच्या. आसपासच्या गावांतून तिला बोलावणी यायला लागली. ‘अक्का, तेवढं त्वांड हुंगून जावा.’ वास आला की ती मला फोन करायची. तिचं चुकल्याचं मला आठवत नाही. मला त्याचा अभिमान वाटायचा, माझी चूक फिटल्यासारखं वाटायचं.

दोन हजार सालानंतर पाच-सहा वर्षांनी तिचा फोन आला. शेजारच्या गावात एक गाय, व्याल्याला महिना झालेला, डोकं फिरल्यासारखी करत होती. गावकऱ्यांनी पिसाळली म्हणून दोर आणले होते आणि शेवंताक्काने त्यांना अडवून धरलं होतं. ‘आदी मूत तपासू दे म्हनलंय मी. तुमी या.’

मी पोचलो. गाय हंबरत होती पण आवाज फुटत नव्हता, घोगरा झाला होता. पुढे पाण्याची बादली, तोंड घालायची पण घोट उतरत नव्हता. मागचे पाय लटपटत होते. खाली सांडलेली लघवी चमच्याने उचलून मी पुडीवर टाकली. पूड पांढरीच राहिली. पुन्हा टाकली. पांढरीच.

‘वास न्हाई आला मला,’ शेवंताक्का म्हणाली. ‘दोनदा हुंगलं.’

‘कसं हुंगलं?’

तिने हात पुढे करून दाखवलं. नाकपुड्यांत बोटं घालून, जबडा धरून, आम्ही डॉक्टर धरतो तसं. मीच शिकवलं होतं. हात कोपरापर्यंत लाळेने माखून वाळले होते, आणि त्या हातांवर वाड्याच्या पात्यांनी कापल्याच्या ताज्या रेघा होत्या.

कधी हुंगायचं ते मी तिला शिकवलं होतं. कधी जवळ जायचं नाही, हे इतक्या वर्षांत एकदाही सांगितलं नव्हतं.

मी तिला ओढतच नळाखाली नेलं. साबणाने पंधरा मिनिटं हात धुवायला लावले. शेवटी म्हणालो, ‘अक्का, इंजेक्शनं घ्यावी लागतील.’

नळ चालूच होता. तिने विचारलं, ‘ह्या बारीला नक्की हाय?’

‘नक्की गाय मेल्यावर कळेल. पण इंजेक्शन आजच घ्यायचं.’

तिने पदराला हात पुसले. ‘चला मग,’ म्हणाली आणि जीपमध्ये जाऊन बसली.

गाय दोन दिवसांत मेली. या वेळी रिपोर्ट आला तो रेबीजचा. कागद वाचून मला बरं वाटलं. खरंच बरं वाटलं, छातीवरचा दगड उतरल्यासारखं, कारण या खेपेला मी चुकलो नव्हतो. ती लाळ ज्या बाईच्या हातांवर होती, तिची अजून दोन इंजेक्शनं राहिली होती, आणि मला बरं वाटलं होतं. स्वतःचीच इतकी किळस मला आधी कधी आली नव्हती.

मी कागद घेऊन तिच्याकडे गेलो. ती ऐकून घेत होती. ‘बरं,’ म्हणाली, आणि लगेच विचारलं, ‘त्या गाईचं वासरू कुठं हाय?’

मी वासराची चौकशीच केली नव्हती. पहिल्या दिवशी त्याला वेगळं बांधायला सांगितलं होतं, एवढंच.

आम्ही तशीच जीप काढली. त्या घरी पोचलो तेव्हा घरातली म्हातारी ओट्यावर बसून, वासराची मान मांडीत घेऊन, त्याला बाटलीने दूध पाजत होती. बोटं त्याच्या तोंडात होती. आई मेलेलं मुकं जनावर, कुणीतरी पाजायला हवं, म्हणून ती रोज दोन वेळा असंच पाजत होती. पुढे वासराला काही झालं नाही, म्हातारीही ठणठणीत राहिली. पण त्या दुपारी हे आमच्यापैकी कुणालाच ठाऊक नव्हतं. मी दारातच थिजलो.

शेवंताक्काने पुढे होऊन तिच्या हातातली बाटली काढून खाली ठेवली.

‘मावशी, उठा, हात धुवा,’ ती म्हणाली. मग पोलक्याची बाही वर सारून आपला दंड तिच्यापुढे धरला. ‘ह्ये बगा. हितं देत्यात. आता प्वाटात न्हाई देत.’